मॅजिकल गर्ल ॲनिमेवरून मराठी कादंबरी: पहिल्या इच्छेपासून शेवटच्या खर्ड्यापर्यंत

शाळेत जाणारी साधी मुलगी, तिच्या हाती आलेली जादूची वस्तू, एक मंत्र, मिनिटभराचं लखलखतं रूपांतर आणि मग राक्षसाशी सामना. जपानी मॅजिकल गर्ल ॲनिमेचा, म्हणजे जादूगार मुलींच्या ॲनिमेशन मालिकांचा, हा साचा आवडणारे आणि तसं काहीतरी मराठीत लिहू पाहणारे आता बरेच आहेत. अशा हस्तलिखितांची सुरुवात झोकात होते. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात मात्र नायिका पुन्हा रूपांतरित होते, पुन्हा लख्ख प्रकाश पडतो, पुन्हा राक्षस हरतो आणि लिहिणाऱ्यालाच कंटाळा येतो.

कारण सरळ आहे. पडद्यावरच्या या प्रकारातल्या बहुतेक खुणा व्यवहाराच्या गरजेतून आल्या. प्रायोजकाला खेळणी विकायची होती, चित्रं काढण्याचा खर्च वाचवायचा होता, दर आठवड्याला नवा भाग द्यायचा होता. कादंबरीला यातली एकही गरज नसते. त्यामुळे एखादी खूण उचलण्याआधी तिने प्रेक्षकासाठी कोणतं काम केलं ते शोधायचं आणि ते काम वाक्यांकडून करून घ्यायचं. पुढची प्रत्येक पायरी याच कामाची आहे. हवेत बोलणं नको म्हणून एका काल्पनिक कादंबरीचं उदाहरण सोबत घेऊ आणि ती पायरीपायरीने उभी करू.

१. आधी पाहा, पण वही घेऊन

या प्रकाराला जपानीत माहो शोजो म्हणतात. त्याची दूरचित्रवाणीवरची सुरुवात १९६६ च्या डिसेंबरात झाली, मित्सुतेरू योकोयामा यांच्या कॉमिकवरून तोएई कंपनीने केलेल्या 'चेटकीण सॅली' या मालिकेने. योकोयामांना ती सुचली एका अमेरिकी विनोदी मालिकेवरून, जिच्यात चेटकीण असलेली गृहिणी नाक हलवून जादू करते. म्हणजे ज्याला आपण अस्सल जपानी समजतो तो प्रकारच मुळात परक्या मालिकेला आपल्या घरात आणून उभा राहिला. मराठीत लिहिणाऱ्याला यातून धीर यायला हरकत नाही. 

१९६९ ची 'अक्को-चान' पाहा, निदान काही भाग. सॅली जन्मजात चेटकीण होती, अक्को साधी मुलगी आहे आणि तिला जादू एका वस्तूतून, आरशाच्या डबीतून, मिळते. ती आरशाची डबी खेळणं म्हणून दुकानातही आली. तेव्हापासून कांडी, डबी, लॉकेट या वस्तू नायिकांच्या हातात राहिल्या त्या काही फक्त कथेची गरज म्हणून नव्हेत.

मग १९८३ ची 'क्रीमी मामी'. दहा वर्षांच्या यूला वर्षभरापुरती जादू मिळते, तिच्या जोरावर ती सोळा वर्षांची होते आणि बघता बघता गायिका म्हणून गाजते. तिला आवडणारा तोशिओ त्या गायिकेवर भाळतो. स्वतःचीच स्पर्धक झालेली मुलगी! कथानकाचं इतकं नेमकं यंत्र या प्रकारात फार वेळा सापडत नाही.

'सेलर मून' टाळता येणारच नाही. नाओको ताकेउची यांची ही मालिका १९९२ च्या मार्चमध्ये पडद्यावर आली आणि १९९७ पर्यंत तिचे २०० भाग झाले. तिने एकट्या जादूगार मुलीला रंगीत पोशाखातल्या लढवय्यांच्या चमूची जोड दिली. आज आपण 'पाच मुली, पाच रंग' म्हणतो ते इथून. 'कार्डकॅप्टर साकुरा' (मालिका १९९८ ते २०००, ७० भाग) वेगळ्या कारणासाठी पाहा. साकुराचं रूपांतर होतच नाही. तिची मैत्रीण तोमोयो दर वेळी नवा पोशाख शिवून आणते आणि सगळं चित्रित करते. रूपांतराच्या जागी मैत्री आली, आणि कुणाला काही उणं वाटलं नाही. 'ओजामाजो दोरेमी' (१९९९) वरवर गोडगोड आहे, पण तिच्यातल्या आइकोचे आईवडील विभक्त झालेत आणि ती टॅक्सी चालवणाऱ्या वडिलांसोबत राहते, हे मालिका कधी विसरत नाही. २००४ च्या पहिल्या 'प्रिटी क्युअर'चे दिग्दर्शक दाइसुके निशिओ आधी हाणामारीच्या गाजलेल्या 'ड्रॅगन बॉल झेड'वर काम केलेले; त्यांच्या नायिका किरणं सोडण्याआधी हातापायांनी भिडतात. आणि २०११ ची 'मादोका मागिका', बारा भागांची, अकियुकी शिनबो यांचं दिग्दर्शन, गेन उरोबुची यांचं लेखन. तिच्याबद्दल पुढे.

वहीच्या पानावर मध्ये रेघ मारा. डावीकडे लिहा पडद्यावर काय दिसलं, उजवीकडे लिहा त्याने तुम्हाला काय वाटलं. 'फीत गुंडाळली जाऊन बूट झाले' हे डावीकडे. 'मघाशी रडणारी मुलगी आता घाबरलेली नाही' हे उजवीकडे. कादंबरीसाठी उजवा रकानाच कामाचा. सगळ्या मालिका संपवायच्या नाहीत. दोन नीट पाहिल्या तरी पुरे.

२. शक्तीच्या आधी इच्छा

शक्ती कोणती द्यायची इथून सुरुवात केली की कादंबरी पोशाखांची यादी होते. मुलीला काय हवंय आणि ते ती कुणाला सांगू शकत नाही, इथून सुरुवात करा. जुन्या मालिकांतल्या मुलींना बहुतेक वेळा मोठं व्हायचं असायचं. पंधरा-सोळाच्या वाचकाला मोठं होण्याची इतकी घाई नसते, कारण मोठेपण त्याच्या दारात येऊन उभं असतं: दहावीचे गुण, शाखा कोणती, घरात पैशांवरून चाललेली कुजबुज. त्याची इच्छा अधिक गुंतागुंतीची आणि जरा लाजिरवाणी असते.

आपलं उदाहरण घेऊ. मुक्ता, वय पंधरा, राहणार मिरज. मिरज का? गाव तंतुवाद्यांचं आहे, रेल्वेचं जंक्शन आहे, आणि सतार-तंबोऱ्याच्या कारागिरीत तिथली मुस्लिम घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कथेला लागणारी वस्तू तिथे आपोआप मिळते. मुक्ताच्या आईचा आणि मामाचा आजीच्या घराच्या वाटणीवरून चार वर्षं अबोला आहे. मामा रेल्वेरुळांच्या पलीकडे राहतो. मुक्ता मामाकडे वाढलेली, गाणं त्याच्याकडूनच शिकली. तिला त्याच्याशी बोलायचंय. घरात त्याचं नाव काढायची सोय नाही.

इच्छा एका वाक्यात लिहून भिंतीवर लावा: 'मुक्ताला मामाशी बोलायचंय आणि आईलाही दुखवायचं नाही.' या वाक्यात 'आणि' आला तर कादंबरी होण्याची शक्यता आहे. नुसतं 'मुक्ताला जग वाचवायचंय' असेल तर परत बसा.

३. जादूचे नियम आणि जादूची किंमत

जादूबद्दल या प्रश्नांची उत्तरं लेखनाआधी कागदावर हवीत: ती कुठून येते, कशाने सुरू होते, काय करू शकत नाही, कुणाला दिसते, आणि दर वेळी काय घेऊन जाते. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि बहुतेकांच्या टिपणात त्याचं उत्तर 'थकवा येतो' एवढंच असतं. थकवा झोपून उठलं की जातो. किंमत अशी हवी की परत मिळणार नाही, आणि ती वाचकाच्याही लक्षात यावी.

मुक्ताची मैत्रीण रेहाना सतारमेकर घरातली. तिच्या आजोबांच्या कारखान्यात दुरुस्तीला आलेला एक बेवारस तंबोरा आहे. तंबोऱ्याची तार घोडीवरून, म्हणजे तिला टेकू देणाऱ्या पट्टीवरून, जाते तिथे तिच्याखाली बारीक सुती दोरा सरकवतात. घोडी घासून साधलेली जवारी जमली आणि दोरा नेमक्या जागी बसला की तार बोलते, नाहीतर आवाज बोदा येतो. या तंबोऱ्याचा दोरा ही आपली जादूची वस्तू. खेळण्याच्या दुकानात ती कुणी विकणार नाही, पण मुठीत मावते, हरवू शकते, तुटू शकते आणि गावातल्या खऱ्या कामातून आलेली आहे.

मुक्ताची शक्ती: घरात दडलेलं, न बोललेलं तिला ऐकू येतं आणि ते ती मोठ्याने बोलायला लावू शकते. किंमत: दर रूपांतरात तिच्या जगातला एक आवाज तिच्यापुरता कायमचा बंद होतो. पहिल्यांदा कुकरची शिट्टी. मग शाळेची घंटा. मग पत्र्यावरचा पाऊस. पुढचा कोणता जाईल ते तिला निवडता येत नाही, आणि जो जाईल तो आधीच्यापेक्षा जवळचा असतो.

आता बघा, ही किंमत पडद्यापेक्षा कागदावर जास्त चालते. तिसऱ्या प्रकरणानंतर निवेदनात कुकरची शिट्टी येतच नाही. स्वयंपाकघर तेच, वाफ तीच, आवाज नाही. पुस्तक हळूहळू शांत होत जातं आणि जागरूक वाचकाला ते कुणी न सांगता कळतं. तुमच्या जादूची किंमतही अशी शोधा की ती वाक्यांवरच परिणाम करेल. नायिका रंग गमावत असेल तर विशेषणं जातील. नावं गमावत असेल तर माणसं 'तो', 'ती' होत जातील.

४. रूपांतराचं दृश्य

इथे थांबून काम करायला हवं, कारण सगळ्यात जास्त कादंबऱ्या इथेच घसरतात.

मालिकांमध्ये रूपांतराचं चित्रण एकदा मन लावून केलं जायचं आणि मग दर भागात तेच परत वापरलं जायचं. त्यामुळे प्रत्येक भागात काही सेकंदांची चित्रं वाचायची. प्रेक्षकालाही ते आवडायचं, कारण संगीत सुरू झालं की आता सगळं ठीक होणार अशी हमी मिळायची. पुस्तकात तोच परिच्छेद दुसऱ्यांदा आला तर वाचक सरळ पुढची ओळ गाठतो. मग हमी द्यायची कशी? वाचकाला रूपांतराचे टप्पे एकदा पक्के शिकवायचे आणि पुढे दर वेळी त्यातला एक मोडायचा.

पहिलं रूपांतर सविस्तर, दीड-दोन पानांचं. पोशाखापासून दूर राहा. शरीराला काय जाणवतं आणि जग कसं बदलतं ते लिहा. नमुना:

"मुक्ताने दोरा तारेखाली सरकवला. आधी काहीच झालं नाही. मग न छेडताच तार घरघरू लागली आणि ती घरघर तिच्या दाढांत शिरली. गळ्यात वर्षभर बसलेला घोगरेपणा सुटला. 'कोण आहे?' तिने विचारलं, तर तिचा आवाज माळ्यावरून, जिन्याखालून, बंद कपाटातून एकेक करत परत आला, आणि कुठे काय दडलंय ते सांगत आला. चपला जमिनीवरच होत्या. ती त्यांच्या बोटभर वर होती. स्वयंपाकघरात कुकर फुसफुसत होता. झाकण हललं, वाफ उडाली, आई उठून गॅस बारीक करायला गेली. शिट्टी झाली असणार. मुक्ताला ती ऐकू आली नाही."

शक्ती आणि किंमत एकाच परिच्छेदात आली, तीही समजावून न सांगता. दुसरं रूपांतर दोन ओळींत उरका. वाचकाला टप्पे माहीत आहेत. तिसऱ्यात दोरा आधी सरकतच नाही, कारण तारेला गंज आहे आणि रेहाना जवळ नाही. चौथं मुक्ता रागाच्या भरात करते, गरज नसताना, आणि त्यात रेहानाचं हसणं जातं. पाचवं रूपांतर करायची वेळ येते तेव्हा पुढचा आवाज कोणता हे आपल्याला माहीत असतं: आईने मारलेली हाक. आता तिने दोरा हातात घेणं हाच प्रसंग झाला.

पाचच रूपांतरं, संपूर्ण कादंबरीत. लिहायला बसण्याआधी ती पाचही एकाखाली एक मांडा आणि प्रत्येकासमोर लिहा: आधीपेक्षा काय बदललं? उत्तर नसेल ते रूपांतर काढून टाका.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. अनेक मालिकांत रूपांतराच्या वेळी मुलीचं शरीर उघडं किंवा छायाकृतीत दाखवलं जातं. नायिका पंधरा वर्षांची आहे. तो भाग मराठीत आणायची काही गरज नाही, 'या प्रकाराची परंपरा आहे' म्हणूनही नाही. अंगप्रत्यंगाचं वर्णन करणारी वाक्यं खर्ड्यात आली असतील तर पुनर्लेखनात ती आधी जातील.

५. चमू एकदम आणू नका

पाच मैत्रिणी पहिल्याच प्रकरणात ओळीने उभ्या केल्या की वाचकाला केसांचे रंग लक्षात राहतात, मुली नाहीत. 'सेलर मून'ने केवढा वेळ घेतला पाहा: पहिल्या भागात एकटी नायिका उसागी, आमी आली आठव्या भागात, रेई दहाव्यात, माकोतो पंचविसाव्यात आणि मिनाको थेट तेहतिसाव्यात. पहिली मालिका ४६ भागांची होती. म्हणजे पुरा चमू जमेपर्यंत दोन तृतीयांशांहून जास्त कथा संपली होती.

कादंबरीत तीन जणी पुरे. मुक्ता, रेहाना आणि नव्याने वर्गात आलेली तिसरी, हुबळीहून बदली होऊन आलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याची मुलगी, प्रिया. तिघी एकमेकींपासून वेगळ्या कशा वाटतील? बोलण्यावरून. कोल्हापूर-सांगलीकडच्या मुली सर्रास 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात. मुक्ता मैत्रिणींत असंच बोलेल आणि पुण्याच्या आत्यासमोर सावधपणे 'मी आले' म्हणेल. एवढ्या एका क्रियापदाने तिचा संकोच दिसतो. रेहाना घरात दखनी बोलते, शाळेत मराठी. प्रियाची मराठी पुस्तकी, कारण ती भाषा तिने पुस्तकातूनच उचलली. एक कसोटी: संवादातली 'म्हणाली' आणि नावं झाका. कोण बोलतंय ते कळायला हवं.

तिघींत भांडण हवं, आणि ते राक्षसामुळे नको. दोरा रेहानाच्या आजोबांच्या कारखान्यातला, जवारी तीच लावते, आणि जादू मात्र मुक्ताची. रेहानाला हे खुपणार नाही का? तोमोयोसारखी निरपेक्ष मैत्रीण पडद्यावर गोड वाटते. कादंबरीत तिच्या मनात शिरायची मुभा असते, आणि शिरल्यावर तिथे थोडी असूया सापडली नाही तर तुम्ही नीट पाहिलेलं नाही.

६. दर आठवड्याचा राक्षस आणि प्रकरणांचा आराखडा

मालिकेत पन्नासेक राक्षस खपतात, कादंबरीत तीन ते पाच. प्रत्येकाने कथा वळवली पाहिजे. राक्षस नायिकेच्या इच्छेच्याच मातीतून यावा, म्हणजे तो बाहेरून चिकटवलेला वाटत नाही.

आपला राक्षस: अबोला. ज्या घरात दोन माणसं बोलायची थांबली तिथे तो धरतो. आधी घरातल्या वस्तू आवाज करायच्या थांबतात, मग माणसं एकमेकांना दिसेनाशी होतात. पहिला अबोला शाळेच्या शिपायाच्या घरी, दोन भावांत. तो सोडवणं सोपं, थोडं गमतीचं. दुसरा वर्गशिक्षिका आणि तिच्या मुलीतला. इथे कळतं की काही अबोले मोडणं म्हणजे दुखावलेल्याला पुन्हा दुखावणं. मुक्ता जबरदस्तीने बोलायला लावते आणि जे बोललं जातं ते न बोललेलंच बरं होतं. तिसरा रेहाना आणि मुक्तामधला. चौथा मुक्ताच्या घरातला, चार वर्षांचा, रुळांच्या दोन्ही बाजूंना पसरलेला.

आकार: पन्नास हजार शब्दांच्या आसपास, दोन हजारांची एक अशी पंचवीसेक प्रकरणं. चौदा-पंधराच्या वाचकाला हा पल्ला झेपतो आणि पहिल्यांदा लिहिणाऱ्यालाही. पहिलं रूपांतर तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी आणा, त्याआधी नको. आधी मुक्ता जादूविना आवडली पाहिजे. किंमत लक्षात येणं सातव्यात. रेहानाशी बिनसणं साधारण मध्यावर, तेराव्यात. तिथपासून उतार. प्रत्येक प्रकरणासाठी दोन ओळी लिहा: बाहेर काय घडतं आणि मुक्ताच्या मनात काय सरकतं. दुसरी ओळ सुचली नाही तर ते प्रकरण भरतीचं आहे.

परीक्षा, क्लास, सुट्ट्या यांचं वेळापत्रकही आराखड्यात घाला. दहावीची मुलगी रात्री नऊला राक्षसाशी लढायला बाहेर कशी पडली, हा प्रश्न मराठी वाचक विचारणारच. जपानी मालिकांत मुली आगगाडीने एकट्या फिरतात. तुमच्या गावात ते कितपत शक्य आहे ते बघा. घरातून निसटायला लागणाऱ्या थापा हा उत्तम विनोदाचा भाग होऊ शकतो.

७. बोलका प्राणी

मांजर, टेडीसारखं काहीतरी, पंखवाला ससा. पडद्यावर याचं एक काम नियम सांगायचं आणि दुसरं मऊ खेळणं म्हणून विकलं जायचं. कादंबरीत तो तोंड उघडतो आणि पाच पानं माहिती देतो. 'मादोका मागिका'ने हीच सवय हत्यार म्हणून वापरली: तिच्यातला गोंडस प्राणी क्युबे खोटं बोलत नाही, फक्त न विचारलेलं सांगत नाही. ती युक्ती आता इतकी ओळखीची झालीय की तुमचा गोंडस प्राणी दिसताक्षणी वाचक संशय घेईल. त्यामुळे ती पुन्हा करू नका.

आपल्याकडे पाल ठेवू. कारखान्याच्या भिंतीवर, नळीच्या दिव्यामागे राहणारी. ती बोलत नाही, चुकचुकते. मनात शंकेची पाल चुकचुकते असं आपण म्हणतोच. इथे ती खरोखर चुकचुकते, मुक्ता चुकीचा निर्णय घेणार असेल तेव्हा. काय चुकतंय ते मात्र सांगत नाही. नियम मुलींनाच शोधावे लागतात, ठेचकाळत, आणि माहिती देणारी पानं आपोआप प्रसंग होतात. शिवाय प्रियाला पालीची भयंकर भीती वाटते. हे लिहायला मजा येईल.

८. काळोख किती घालायचा

२०११ नंतर मॅजिकल गर्ल म्हणजे यातना, असा एक समज झाला. 'मादोका'च्या तिसऱ्या भागातला मृत्यू धक्कादायक होता तो त्याआधीच्या चार दशकांच्या विश्वासामुळे. आणि मृत्यू त्याआधीही आला होता: १९८२ साली सुरू झालेल्या 'मिंकी मोमो'ची नायिका ४६व्या भागात ट्रकखाली मरते. मराठी वाचकाच्या मनात या प्रकाराची गोड परंपराच रुजलेली नाही, तर ती मोडून कुणाला धक्का बसणार? माझं मत विचाराल तर आधी आनंद नीट लिहा. पहिल्यांदा हवेत बोटभर वर गेलेली मुलगी खदखदून हसली पाहिजे. ते हसू खरं वाटलं तर नंतर गेलेला एक साधा आवाजही वाचकाला पुरेसा टोचेल. कुणाला मारायची गरज पडणार नाही.

९. मंत्र, नावं, भाषा

मंत्रासाठी आपला हात पहिल्यांदा संस्कृतकडे जातो. 'हे आदिशक्ते, प्रकट हो!' लिहिलं की पौराणिक मालिकेची पार्श्वधून वाजू लागते. इंग्रजी घोषणा मालिकांत जपानी कानांना नवलाईची वाटते, मराठीत ती जाहिरात वाटते. बायकामुलींच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या लयीकडे जा: जात्यावरची ओवी, भोंडल्याची गाणी, उखाणे. ओवीचा घाट घेऊन मुक्तासाठी दोन ओळी:

तारेखाली दोरा, दोऱ्याखाली घोडी
मनातली गाठ बाई, आज कोण सोडी

ही म्हणायला सोपी आहे, कुजबुजता येते, ओरडता येते, आणि शेवटच्या प्रसंगात मुक्ताऐवजी आई ती म्हणू शकते. मंत्र लिहिल्यावर वीस वेळा मोठ्याने म्हणा. जीभ अडखळली तर बदला.

लोकदैवतं वापरताना विचार करा. विहिरी-नद्यांजवळच्या साती आसरा मॅजिकल गर्ल चमूसाठी तयारच आहेत असं वाटतं, सात बहिणीच त्या. पण त्यांना आजही नैवेद्य दाखवला जातो, लोक त्यांना भितात. वापरायच्याच असतील तर ज्या गावात त्या पुजल्या जातात तिथल्या बायकांशी आधी बोला आणि त्यांना रंगीत गणवेश चढवू नका.

हल्ल्यांना नावं देऊ नका. 'नादलहरी प्रहार!' छापून आलं की आठवीतला मुलगाही हसेल.

१०. प्रेरणा कुठे संपते

चंद्र, खलाशी गणवेश, बोलकी काळी मांजर हे सगळं एकत्र आलं तर वाचक मूळ मालिकाच वाचतो. कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, तिच्या विशिष्ट आविष्कारावर असतो. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. मूळ पात्रं घेऊन हौसेने लिहिणं हा वेगळा छंद आहे, सरावाला उत्तम. प्रकाशकाकडे मात्र ते नेता येत नाही. तपासण्याचा सोपा मार्ग: कादंबरीचा गोषवारा मालिका पाहणाऱ्या मित्राला सांगा. त्याने एकाच मालिकेचं नाव घेतलं तर बदल करा. चार वेगवेगळी नावं घेतली तर ठीक आहे.

११. खर्डा, वाचक, पाठवणी

पहिला खर्डा सरळ शेवटपर्यंत लिहा, मागे वळून दुरुस्त्या नकोत. फक्त तीन कागद समोर ठेवा: इच्छेचं वाक्य, पाच रूपांतरांची यादी, आणि गेलेल्या आवाजांची यादी, प्रकरण क्रमांकासह. दुसऱ्या खर्ड्यात शेवटची यादी घेऊन संगणकावर शोध द्या. 'शिट्टी' तिसऱ्या प्रकरणानंतर कुठे सापडली? मुक्ताच्या कानांनी ऐकलेली असेल तर काढा. दुसऱ्या कुणी 'शिट्टी झाली ना, गॅस बंद कर' म्हटलं असेल तर राहू द्या. उलट तेच टोचेल.

मग चौदा ते सतरा वयाचे चार-पाच वाचक गाठा, शक्यतो नात्यातले नकोत. 'आवडलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: कुठे पानं उडवली? कोण कोण आहे ते कुठे कळेना? पालीला बोलायला लावावं असं वाटलं का? निदान एकाने मॅजिकल गर्ल हा प्रकार कधीच पाहिलेला नसावा. तो जिथे अडेल तिथे तुम्ही पडद्यावर विसंबून राहिला आहात.

अख्खी कादंबरी पाठवण्याआधी मुक्ताची एखादी सुटी कथा किशोरवयीन मासिकाला किंवा दिवाळी अंकाला पाठवून पाहता येते. त्यासाठी शिपायाच्या घरचा पहिला अबोला उत्तम, कारण तो स्वतंत्र उभा राहतो. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्याच्याही आधी सुरू होते, हे लक्षात ठेवून पाठवा. प्रकाशकाकडे जाताना हस्तलिखित युनिकोडमध्ये असू द्या, सोबत एक पानाचा सारांश. मुक्ता शेवटी दोरा सरकवते की तोडते, हे त्या सारांशात स्पष्ट लिहा. संपादकाला ते आधीच कळायला हवं असतं.